सोन्याचा प्रश्न

वाशिम, ९ सप्टेंबर २०२५

ती. वर्षाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर लिहिलेलं कुठवर जाईल सांगता येत नाही, म्हणून कागद. तुमच्या जऊळक्याची निता माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात आहे. गेल्या महिन्यात तिनं विचारलं, ‘मॅडम, सोनं महाग झालं तरी लोक कायले घेऊन राह्यले?’ मागून कोणी ओरडलं, ‘तुह्या लग्नासाठी.’ वर्ग हसला. तेवढंच कोणीतरी रील करून टाकलं. आता एसटीत पोरं तिला सोन्याचा भाव विचारतात. ती यायची बंद झाली.

प्राचार्य म्हणाले, कॉलेजचं नाव तर झालं. वर्गात आता कोणी काही विचारत नाही. अशी शांतता पूर्वी मागूनही मिळत नसे.

तिच्या घरी जाऊन येशील?

तुझी,
योगिनी

जऊळका, १४ सप्टेंबर

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. कॉलेजात जायचं नसेल तर स्थळं पाहू, असं तिचे वडील रामधनभाऊ म्हणतात. निता फोनवर कुण्या सरांचे तास पाहते. म्हणाली, ‘ह्या सरले थांबवता येते, अन् कोणी हसत बी नाई.’ मग त्यांना विचारलास का तुझा प्रश्न, म्हटलं. व्हिडिओखाली लिहिला होता म्हणे. उत्तरादाखल चार हसरे चेहरे आले.

मॅडम तेव्हा हसल्या नव्हत्या, एवढं तिनं सांगितलं. तुला विनोद उशिरा कळतात, त्याचा कधी नव्हे तो उपयोग झाला. सोमवारी जा, असं सांगून आलेय. जाईलसं वाटत नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
वर्षाताई

वाशिम, २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निता आज आली. तिनं हात वर केला, तसा मागच्या बाकावरून फोन वर आला. मी रागवणार, तोच ती वळून त्या पोराला म्हणाली, ‘नीट धर. ह्या खेपी उत्तर बी घेजो.’ मग मला विचारलं, सोयाबीनचा भाव पडला तरी तेलाचा काहून नाही पडत.

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. ते तिला पुरणारं नव्हतं. मला नक्की ठाऊक नाही, शोधून सांगते, असं मी म्हणाले. फोन सुरूच होता. कोणी हसलं का, ते मला ऐकू आलं नाही.

मॅडमलाच येत नाही म्हणून रामधनभाऊ तिला घरी बसवतील, ही धास्ती आहे. उद्यापर्यंत रील गावात पोचेल, म्हणून हे पत्र आजच्याच एसटीनं पाठवतेय. रीलच्या आधी तू त्यांच्याकडं पोच. आणि माझ्यावरचा लोभ तेवढा सांभाळून ठेव.

तुझी,
योगिनी