देवापुढची साखर

आई,

दादाचा ईईजी नॉर्मल आला म्हणून तू देवापुढे ठेवलेली साखर उचल, मुंग्या लागल्या आहेत. डॉक्टरांनी तपासणीच्या आदल्या रात्री त्याला रात्रभर जागवायला सांगितलं होतं. झोप झाली नाही की त्याचा मेंदू लवकर चिडतो आणि फिटची खूण तपासणीत सापडते. तू मात्र पहाटे एवढ्या मोठ्या घोड्याला थोपटून झोपवलंस. आज सकाळी गाडीची चावी मागताना तो हे बोलून गेला. चावी मी ऑफिसला नेते आहे.

तपासणी उद्या पुन्हा होईल. आज त्याला मी जागवेन. तुझी बॅग भरली आहे, कात्रजला मावशीकडे जा. रात्री त्याला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की त्याला झोप येते.

पूर्णिमा