टेक्सासचे म्हणून वाजवलेले आईचे गाणे

मी, कॉनराड जोसेफ डाबरे, वय चौसष्ट, मूळ राहणार नंदाखाल, तालुका वसई, सध्या मुक्काम अझैबा, मस्कत, धंदा हॉटेलात वाद्य वाजवणे, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. भाग पाडले असेल तर माझ्याच लाजेने.

१. नंदाखालच्या घरातला आणि वाडीतला माझा अर्धा हिस्सा बहीण प्रिसिला हिला द्यावा. ती माझ्याशी बोलेनाशी झाली तेव्हा मी वकिलाकडून वाटणीची नोटीस पाठवली होती. ती नोटीस रद्द समजावी. चूक तिची नव्हती.

२. बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान मुलगी इव्हॉन हिला.

३. माझे अकॉर्डियन नंदाखालच्या लग्नाच्या बँडला द्यावे. ते इव्हॉनला का देत नाही, हे सांगायचे तर सगळेच लिहावे लागेल.

२००९ साली मस्कतच्या कुरुम भागातल्या आमच्या हॉटेलात मेक्सिकन रेस्टॉरंट उघडले. मॅनेजर म्हणाला, "कॉनराड, आजपासून तू कार्लोस. टेक्सासचा." त्याने मला एका सिनेमाची डीव्हीडी दिली. टेक्सासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मेक्सिकन लोकांचा तो सिनेमा. त्यांच्या संगीताला तेहानो म्हणतात. युरोपातून तिथे आलेल्या शेतकऱ्यांचे अकॉर्डियन आणि पोल्का नाचाचा ठेका त्यांनी आपल्या स्पॅनिश गाण्यांना जोडला. मी वादकाची बोटे पाहिली, टोपी कशी कलती घालतात ते पाहिले. बोलण्याचे प्रसंग आले की सिनेमा पुढे पळवत असे.

थोड्याच दिवसांत गाणी कमी पडू लागली. तेव्हा मी आईचे गाणे उचलले. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाणी आणायला निघतात, तेव्हा माझी आई कार्मेलीन सगळ्यांच्या पुढे राहून ते म्हणायची. चाल तिच्या आईची, शब्द तिचे स्वतःचे. पोल्काच्या ठेक्यात ते असे चपखल बसले की लोक जेवण सोडून नाचायला उठू लागले.

२०१२ मध्ये आई मस्कतला आली. माझा मित्र यूनुस, रत्नागिरीचा, तिथेच वेटर होता. त्याने तिला हौसेने पुढच्या टेबलावर बसवले. आई लाल लुगडे नेसून आली होती. मी ते गाणे सुरू केले आणि बसल्या जागी तिचे ओठ हलू लागले. गाणे संपल्यावर एका पाहुणीने विचारले, हे कुठले? मी आईकडे पाहिले आणि माइकवर म्हणालो, "फ्रॉम टेक्सास, मॅडम. माय होम."

परतताना गाडीत आईने मला दोष दिला नाही. एवढेच विचारले, "टेक्सासला आपली माणसं आहेत का रे? ती पण पाण्याला विहिरीवर जातात?"

तेव्हा खरे सांगता आले असते. मी म्हणालो, "हो आई. आहेत."

ती गावी गेली आणि लग्नालग्नांत आनंदाने सांगू लागली, की आपले गाणे टेक्सासलाही म्हणतात. एका लग्नात टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून सुट्टीवर आलेल्या तरुणाने हसून विचारले, "मावशी, कोणी सांगितलं तुला हे?" सगळा मंडप हसला. आईने माझे नाव घेतले नाही. त्यानंतर तिने ते गाणे कधी म्हटले नाही. २०१५ मध्ये ती गेली. प्रिसिलाचा फोन आला. "आईला तू गावात खोटी पाडलीस," ती म्हणाली. मी मातीला गेलो नाही. ड्यूटीचे कारण सांगितले.

इव्हॉनला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिला मराठी धड येत नाही, ही करणीही माझीच. गेल्या मार्चमध्ये अल खौदला तिच्या घरी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. रिमोट तिच्या हातात होता, म्हणून मी तो प्रथमच सलग पाहिला. त्यातल्या वादकाने लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून छड्या खाल्लेल्या असतात. पुढे गोऱ्यांच्या क्लबात त्याला कोणी विचारते, ही चाल कुठली? कापूस वेचून हात फाटलेली त्याची आई मागे दाराशी उभी असते. तो तिला स्टेजवर बोलावतो आणि म्हणतो, "हिची."

मी उठून बाल्कनीत गेलो. इव्हॉन मागोमाग आली. "डॅडी, काय झालं? टेल मी." मी सांगितले. तिने बाल्कनीचे दार ओढून घेतले. मग म्हणाली, "आणि आजी? तिला सॉरी बोलला तू?"

"नाही."

"मग तो अकॉर्डियन मला नको."

४. हॉटेलात विकायला माझी एक सीडी ठेवली होती. तिच्यावर चौथ्या गाण्यापुढे 'टेक्सासचे लग्नगीत' असे छापले आहे. माझ्या कपाटात उरलेल्या प्रतींवर ते खोडून 'कार्मेलीन डाबरे, नंदाखाल' असे लिहावे.

५. मला मस्कतलाच पुरावे. आईच्या शेजारी जागा मागायला मला तोंड नाही.

६. गेल्या शुक्रवारी मी प्रिसिलाला फोन करून वरची कलमे वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "मेल्यावर सांगायचं ते जिवंतपणी येऊन सांग. जानेवारीत रॉयस्टनचं लग्न आहे. मंडपात उभा राहा आणि बोल." रॉयस्टन तिचा मुलगा. मी तिकीट काढले आहे. पण ऐन वेळी पाय मागे घेणारा माणूस आहे मी, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? मी गेलो नाही, तर इव्हॉनने जावे आणि कलम तीन, म्हणजे गाण्याची ही सगळी हकीकत, त्या मंडपात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. तिला येईल तशा मराठीत.

हे सर्व मी वाचले, समजून घेतले आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही : कॉनराड जोसेफ डाबरे

साक्षीदार :
१. यूनुस इब्राहिम काझी, राहणार कुरुम
२. गुरुदत्त रमण नाईक, राहणार अझैबा

स्थळ : अझैबा, मस्कत
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५