नर्सबाईचं एका दाराचं कपाट

४ जानेवारी
नवी वही काढली. शिवणाच्या दुकानाला कुलूप लावून आठ महिने झाले, हात शिवशिवतात. तर संकल्प: एक, टीव्ही बंद. दोन, हिचा कोट.
दुसऱ्याबद्दल थोडं सविस्तर. ३१ तारखेला ही लायब्ररीतून रिटायर होते. तेहतीस वर्षं एकाच काउंटरवर बसली. निरोप समारंभ आहे, भाषणं आहेत, ग्रुप फोटो आहे. ही एवढंच म्हणाली की त्या दिवशी तरी अंगावर नवा कोट असला तर बरं. कापड दोन वर्षांपूर्वीच आणलंय, गर्द निळं, उत्तम लोकर, ट्रंकेत आहे. मी म्हणालो, शब्द दिला. ही म्हणाली, ३१ जानेवारी ना? कुठल्या सालची?
हसण्यावारी नेलं. सत्तावीस दिवस हातात आहेत. मला कोटाला चार लागतात.

५ जानेवारी, संध्याकाळी साडेसात
टीव्ही बघितला नाही. ही बघत होती, मी त्याच खोलीत होतो.
सातची मालिका. एक गरीब नर्स आहे. भाड्याच्या एका खोलीत राहते, धाकट्या भावाला शिकवते, घरमालकीण रोज सामान बाहेर फेकायची धमकी देते. बरं. पण आज हुंदके देऊन रडताना नर्सबाईच्या अंगावर जो ड्रेस होता त्याला पूर्ण अस्तर, कमरेला आठ चुण्या आणि बाजूला लपवलेली चेन! असं काम मी उभ्या जन्मात तीनदा केलं, त्यातली दोन गिऱ्हाइकं कारखानदारांच्या घरची.
बोलून दाखवलं. ही म्हणाली, अहो, गोष्ट आहे ती. मी म्हणालो, गोष्ट आहे म्हणून शिवण खोटी असावी का?
पडद्यावर नावं सुरू झाली तसा सेट बंद केला. वीज काय फुकट येते?

९ जानेवारी
पाच दिवसांत अकरा ड्रेस! खोलीत कपाट एकच, एका दाराचं, मूठ तुटलेली. त्यातून अकरा ड्रेस कडक इस्त्रीचे निघतात. आत इस्त्रीवाला राहतो की काय?
आजपासून रीतसर नोंद ठेवणार. तारीख, ड्रेस, कापड, अंदाजे शिलाई. याला टीव्ही बघणं म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात.
कोट: कापड ट्रंकेतून काढून खुर्चीवर ठेवलं. म्हणजे सुरुवात झाली.

१२ जानेवारी
नर्सबाईच्या भावाच्या शर्टाला भोक पाडलंय, गरिबी दाखवायला. कुठे? तर छातीवर! अरे बाबांनो, शर्ट आधी कॉलरवर विरतो, मग कफवर, मग कोपरावर. छाती घासत कोण चालतं? आणि भोकाला ठिगळ लावलंय ते मॅचिंग. ज्याच्याकडे मॅचिंग तुकडा आहे त्याला ठिगळाची गरज काय?
समोरचा लाँड्रीवाला चहाला आला होता. त्याला वही दाखवली. म्हणाला, मास्तर, तुम्ही त्या बाईवर नजर ठेवता तेवढी तिच्या घरमालकिणीनंही ठेवली नसेल. मी म्हणालो, अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे कोणीतरी सांगायला नको का या लोकांना? त्यानं खुर्चीवरचं कापड चाचपलं आणि विचारलं, हे वहिनींचं का? मी म्हणालो, हो, घेतोच आहे हाती.
उद्या कटिंग. नक्की.

१३ जानेवारी
कटिंग झालं नाही. नर्सबाई आज एकाच रात्रपाळीत दोनदा कपडे बदलून आली. नोंदी करता करता दमलो.

१५ जानेवारी
चॅनेलला पत्र लिहिलं, नऊ पानी. नुसती टीका नको, मार्गही दाखवावा, म्हणून शेवटी लिहिलं की खऱ्या कष्टकरी बाईचा कोट कसा असतो. तो एकच असतो. दहा-बारा वर्षांचा. कोपरं घासून चकाकतात. उजवा खिसा किल्ल्यांच्या ओझ्यानं ओघळलेला. अस्तर काखेत उसवलेलं. वरून दुसरं बटण काळं, पण दोरा तपकिरी, कारण ते तुटलं तेव्हा घरात तोच सापडला.
झरझर लिहीत गेलो, कुठे अडलो नाही. कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच. अधूनमधून मान वर करून दारामागच्या खुंटीकडे बघत होतो, एवढंच.

१६ जानेवारी, दुपारी
पत्र पुन्हा वाचलं. नुसत्या शब्दांनी त्या लोकांना कळायचं नाही. नमुना पाहिजे. टेलर नमुन्याशिवाय बोलत नाही.
ही लायब्ररीत. आज ऊन होतं म्हणून कोट न घालता गेली होती. खुंटीवरून काढला, ब्राऊन पेपरात गुंडाळला, पत्राबरोबर पार्सल केला. हिला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत नवा मिळणारच आहे, मग जुन्याचं कौतुक काय? उलट हिचा कोट टीव्हीवाल्यांना धडा देणार. कळल्यावर अभिमानच वाटेल.

१६ जानेवारी, संध्याकाळी
हिनं विचारलं, कोट कुठाय? तोंडातून निघून गेलं, धुवायला टाकलाय, लाँड्रीत. ही चकित झाली. तुम्ही? आपणहून? म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं की काय असं वाटलं. मीही जरा गहिवरलो.

१९ जानेवारी
थंडी वाढली. ही थोरल्या लेकीचा जुना पिवळा रेनकोट घालून लायब्ररीत जाते. आत स्वेटर आहे. थंडीत तेवढा पुरतो असं माझं मत आहे.

२१ जानेवारी
ही लाँड्रीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, वहिनी, आमच्याकडे कुठला कोट? मास्तरांनी तर रुमालसुद्धा कधी टाकला नाही.
सगळं सांगावं लागलं. हिनं रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग म्हणाली, एका खोट्या बाईला खरा कोट कळावा म्हणून खऱ्या बाईचा काढून दिलात?
मुद्दा बरोबर पकडला होता, फक्त सूर चुकला. लेकीचा फोन आला, तीही ओरडली. बाबा, आधी आईचा कोट शिवा! मी म्हणालो, दहा दिवस आहेत गं. सहा दिवस बसून राहिलो तरी चार उरतात.

२७ जानेवारी
चार उरले.

२८ जानेवारी
आज कटिंग. ही म्हणाली, माप घ्या. मी म्हणालो, वेडी आहेस का? तुझं माप मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचार. ही म्हणाली, अहो, घ्या तरी. टेपही जागेवर नव्हती, कुठे गेली कोण जाणे. मी म्हणालो, जो माणूस टीव्हीवरून नर्सबाईच्या खांद्याचं माप सांगतो त्याला बायकोचं कळणार नाही?
शिवणीत माया म्हणून अर्धा-पाऊण इंच कापड जास्त सोडतात, पुढे माणूस सुटलं तर सैल करता यावं म्हणून. तीही ठेवली नाही. ज्याला अंदाजाची खात्री नसते त्यानं ठेवावी. अंगासरशी बसला पाहिजे.
सात वाजता उठलो. अर्ध्या तासासाठीच. नर्सबाईनं अंगाई गाताना सॅटिन घातलं होतं. लिहून घेतलं.

३० जानेवारी, संध्याकाळी पाच
कोट तयार! अस्तर, इस्त्री, सगळं. स्वतःवर खूश आहे. कॉलर अशी बसलीय की नुसतं बघत राहावं.

३० जानेवारी, सव्वापाच
ट्रायल घेतली. खांदे आवळतात. समोरची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. मध्ये चार बोटांचं अंतर.
मी म्हणालो, लोकर आहे, ट्रंकेत आखडली असेल. ही आरशासमोर उभी होती. तिथूनच विचारलं, हे कधीचं माप? मी म्हणालो, तुझं. ही म्हणाली, हो, पण कधीचं?
आठवून पाहिलं. आमच्या लग्नाच्या आधी हिच्या आईनं माझ्या दुकानात हिचा कोट शिवायला टाकला होता, त्याचं.
ही म्हणाली, तेव्हा मी बावीस वर्षांची होते हो. मग हसायला लागली. हसता हसता पाठीची शिवण उसवली.
माया ठेवली नसल्यानं सैल करता येणार नाही.

३१ जानेवारी
समारंभ झाला. उत्तम झाला. मुख्य ग्रंथपाल म्हणाले, यांनी तेहतीस वर्षांत एकही पुस्तक हरवू दिलं नाही. टाळ्या. मी पुढच्या रांगेत होतो. माझा काळा कोट अजून बिनचूक बसतो, दोघांनी विचारलं, कुणाकडून शिवून घेतलात?
बाहेर लख्ख ऊन आणि ही पिवळ्या रेनकोटात. येईल तो विचारी, बाहेर पाऊस आहे का? ही प्रत्येकाला म्हणायची, नाही, आमच्या घरात टेलर आहे.
लोक हसत होते. मीही हसलो.

८ फेब्रुवारी
ग्रुप फोटो फ्रेम करून आला. तीस माणसं, सगळे काळे-करडे, मधोमध एक पिवळा ठिपका. हिनं तो टीव्हीच्या वर लावला. मी म्हणालो, तिथे नको, मालिका बघताना लक्ष जातं. ही म्हणाली, म्हणूनच.
चॅनेलकडून उत्तर नाही. एवढी नऊ पानं वाचायची, मीटिंग घ्यायची, वेळ लागणारच. बोलावणं आलं तर मानधन घेणार नाही. नावांत नाव आलं की पुरे. ‘वेशभूषा सल्लागार.’

२० फेब्रुवारी
नर्सबाईचे एकूण चौऱ्याहत्तर. परिणाम दिसू लागलाय. आज तिनं परवाचेच कानातले घातले होते.

२ मार्च, रात्री आठ
जे झालं ते क्रमानं लिहितो.
सातला बसलो. नर्सबाई हॉस्पिटलातून बाहेर आली. नवा ड्रेस, शहाऐंशीवा. पायरीवर एक म्हातारी भिकारीण बसलेली. कॅमेरा तिच्यावर गेला आणि मी खुर्चीतून उठलोच. उजवा खिसा ओघळलेला. कोपरं चकाकतायत. वरून दुसरं बटण काळं, दोरा तपकिरी.
मी ओरडलो, बघ! घेतला! ऐकलं माझं!
नर्सबाईनं पर्समधून नाणं काढून त्या कोटाच्या मांडीवर ठेवलं, आणि मागे व्हायोलिन वाजलं.
मी खाली बसलो. ही टक लावून बघत होती. म्हणाली, तिला बरोबर बसलाय हो. मग म्हणाली, बारा वर्षं मी तो घालून काउंटरवर बसले. लोकांना काय वाटत असेल, हा विचार कधी केला नव्हता.
म्हटलं, निदान नाव तरी बघू. आज पहिल्यांदाच सेट बंद केला नाही. नावं वर सरकत गेली. माझं नव्हतं. पण मधेच एक ओळ गेली: नायिकेचे कपडे अमुक कपड्यांच्या दुकानाच्या सौजन्यानं. खाली दुकानाचा फोन नंबरसुद्धा.
म्हणजे ते ड्रेस नर्सबाईचे नव्हतेच. जाहिरात होती. हिला विचारलं, ही ओळ कधीपासून येते? ही म्हणाली, पहिल्या दिवसापासून. तुम्ही बघायला लागायच्या आधी मी रोज वाचायचे. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही इतके रमला होतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच.
वही उघडली. आतून टेप पडली. खुणेसाठी मीच घातली होती, पंचविसाव्या ड्रेसच्या पानावर.
म्हणालो, जरा उभी राहा. ही म्हणाली, आता कशाला, मला आता कुठे जायचंय? मी म्हणालो, राहा तर. राहिली. खांदा, बाही, छाती, कंबर. आकडे लिहायला कोरं पान शोधलं तर एकही नाही, सगळीकडे नर्सबाई. म्हणून हे सगळं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहितोय. खांदा साडेपंधरा. बाही बावीस. पुढचे दोन आकडे हिनं लिहू दिले नाहीत, म्हणाली, आता पाठ करा.
मी म्हणालो, कापड उद्या आणतो.
हिनं घड्याळाकडे बघितलं. कापडाची दुकानं नऊपर्यंत उघडी असतात. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि ही रेनकोट चढवून दारात उभी आहे.