चाकू मुठीकडून

३ जून, मंगळवार

बाबा आज पुन्हा अडकले. शेवटच्या प्रवेशात, भाषणाच्या ऐन मध्यावर. नजर माझ्याकडे, तोंड अर्धं उघडं. मी शिंक आल्याचं सोंग करून तालीम थांबवली — शिंकून शिंकून किती शिंकणार! गावच्या उघड्यावरच्या उन्हाळी नाटकात नायक म्हणजे बाबाच, मला कळायला लागल्यापासून. यंदाचं नाटक मी लिहिलंय, बसवतेयही मीच; बाबा त्यात फौजदार. त्यांचं विसरणं फक्त मला माहीत आहे. निदान मी तसं धरून चाललेय.

५ जून

झोप नाही. भूमिका काढून घेऊ? कोणत्या तोंडानं?

८ जून, रविवार

तालमीनंतर कॉफीच्या टेबलाशी ओर्वो आडवा आला. ओर्वो आमचा खलनायक — न बोलावता लग्नघरात घुसणारा चाकूबाज गुंड हेइक्की. एरवी गाई-डुकरं पाळतो. बाबांनी त्याला शिकारीच्या क्लबातून काढलं तेव्हापासून दोघं रंगमंचाबाहेर एकमेकांशी बोलत नाहीत.

"शेवट बदल, ऐला," म्हणाला. "फौजदार एकटा, रिकाम्या हातानं लग्नघरात शिरतो. अशा माणसावर हेइक्की चाकू उगारणार नाही. कमरेचा चाकू काढेल आणि मुठीकडून त्याच्या हातात देईल."

आमच्याकडे मुठीकडून चाकू देणं म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास; पुढे बोलायचं काही राहत नाही. पण गुंडानं?

"खलनायकच दया दाखवायला लागला तर लोक तिकीट काढून बघणार काय?"

"दया कुठली? मान दिला त्यानं. मारायला काय लागतं? डुकरं मीही मारतो." वेलचीचा पाव तोंडात कोंबला आणि पुढे — "आणि तुझ्या बाबाचं भाषण उडव. भाषणानंतर चाकू देणं म्हणजे जेवण उरकल्यावर मीठ वाढणं."

असा संताप आला! बाबांचं भाषण! लोक त्यासाठीच तर येतात. क्लबातलं उट्टं इथे काढतोय मेला.

१२ जून

तो चाकू डोक्यातून जाईना. मी लिहिलेला हेइक्की नुसता दात विचकतो. त्याला कोणाबद्दल काही वाटतच नसेल, तर तो लांडगा झाला. मग फौजदाराची हिंमत ओळखायची कोणी? मित्र काय, वाहवा करणारच. समोर मारायला उभ्या असलेल्यानं ओळखली तर खरी. पण मग तो खलनायक उरतो का? कोण जाणे. लिहिताना भीती वाटत होती, हे मात्र खरं.

चाकू ठेवलाय. भाषणही ठेवलंय. ओर्वोला सांगितलं तर नुसता "हूं".

२० जून, शुक्रवार

उद्या उन्हाळ्याचा मोठा सण. वाफेच्या अंघोळीची सौना तापवली. बाबा आत बसून भाषण म्हणत होते — अख्खं, न चुकता! मी बाहेर पायरीवर बसून आनंदानं रडले. मग ते लालबुंद होऊन बाहेर आले, टॉवेल सावरत माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "यंदा तालमी कधी सुरू करणार गं?"

२६ जून

उद्या पहिला प्रयोग. बाबांच्या जागी उभं राहायला बँकेतल्या यल्मारीला तयार राहायला सांगू? फोन उचलला, ठेवला. पाऊस तरी पडावा. पडून काय उपयोग — आमचे लोक प्लास्टिकचे रेनकोट घालून बसून राहतात.

२७ जून, शुक्रवार

प्रयोग पार पडला.

भाषण आलं. बाबा दोन वाक्यं बोलले आणि — गेलं. दोन माणसं समोरासमोर गप्प उभी राहिली तर आमच्याकडे कोणाला संशय येत नाही. पण किती वेळ? मला शिंकसुद्धा सुचली नाही.

ओर्वो एक पाऊल पुढे आला. हे मी लिहिलेलं नव्हतं.

"काय रे फौजदार, गाडीत घोकत आलास ना? सांगू पुढचं? 'मी घाबरलोय, हेइक्की. पण दाराशीच थांबलो असतो, तर या घरातल्या लेकीबाळींच्या नजरेला नजर देता आली नसती.' हेच म्हणणार होतास ना?"

बाबांनी मान हलवली. सावकाश, फौजदारासारखी.

अख्खं भाषण! एकेक वाक्य टोमणा मारल्यासारखं बाबांच्या तोंडावर फेकत गेला. शेवटाकडे आवाज उतरला. चाकू काढला, पातं स्वतःच्या मुठीत धरलं आणि मूठ पुढे केली. बाबांनी घेतला. मग टाळ्या, किती तरी वेळ.

घरी येताना बाबा म्हणाले, "शेवट बदललास, आणि मला सांगितलं नाहीस. छान झालाय पण."

निघण्याआधी मी ओर्वोला गाठायला रंगमंचामागे गेले होते. तो कपडेही न बदलता निघून गेला होता. एका गोष्टीचा उलगडा होत नाही. इतकं लांब भाषण नुसतं ऐकून येतं?

२९ जून, रविवार

दुकानात ओर्वोची बायको सायमी भेटली. म्हणाली, "मे महिन्यापासून गोठ्यात तुझ्या बाबांचे संवाद घोकतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे. म्हटलं, अरे, स्वतःचे कधी पाठ करणार? तर म्हणे, हेइक्की चुकला तर चालतं."