अंबादासकाकांची खोली

बोरिवली, रविवार

प्रिय विमलाताई,

पाकिटावर वकिलाचं नाव बघून तू हे फाडलं नसशील, तर आधी घोटभर पाणी पी. ही मालकाची नोटीस नाही. तुझा बाळा लिहितोय.

कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टायपिंग करता करता मी वकील झालो, हे तुला सांगायला नको. आमच्या खोलीत सात माणसं, म्हणून अभ्यास तुमच्याकडे. तुझे बाबा, अंबादासकाका, म्हणायचे, "मोठ्यान वाच रे, माकाय कायदो कळांदे." पुढं मी अपिलंच धरली. खालच्या कोर्टात साक्षीदारांवर ओरडावं लागतं. अपिलात नुसते कागद. खाली जेवढं नोंदलं गेलं, तेवढंच जगात घडलं. बाकी काम कानांचं. न्यायाधीशसाहेब "बरं" कसं म्हणाले यावरून बाळासाहेब निकाल ओळखतात, असं लोक म्हणतात. मलाही ते ऐकायला आवडायचं.

तुझ्या खोलीचं अपील मालकाकडून माझ्याकडे आलं तेव्हा तिसऱ्याच पानावर काकांचं नाव दिसलं. तिथंच फाईल परत करायची. नाही केली. खाली तू जिंकली होतीस, मालकाचे बडे वकील आपटले होते. म्हटलं, हे आपण उलटवून दाखवू. आपल्याच हुशारीची भूल पडते गं माणसाला. मुद्दा एवढुसा: काका भाडेकरू, की चाळीच्या नळाची चावी सांभाळायला ठेवलेला नोकर? भाडेकरू असतील तर चाळ पाडून होणाऱ्या टॉवरमध्ये तुला घर, नोकर असतील तर रस्ता. पावती एकही नाही, साक्ष तुझी एकटीची. तासाभरात मी ती कापून काढली.

साहेबांनी मध्येच विचारलं, "तेव्हाचं त्या चाळीतलं कुणीच नाही का सांगायला?" मी म्हणालो, "रेकॉर्डवर कुणी नाही, माय लॉर्ड." शब्द खरे होते. त्याचीच जास्त लाज वाटते. बाहेर पडताना तू म्हणालीस, "छान बोललास रे. बाबा असते तर ऐकत बसले असते." तो टोमणा होता की कौतुक, माझ्या तिखट कानांना अजून कळलेलं नाही. मी लिफ्टसाठीही थांबलो नाही, जिन्यानं पळालो.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. तू मे महिन्यात गावी गेली होतीस. मी नऊ वर्षांचा, आपल्या दोन खोल्यांमधल्या पत्र्याच्या पार्टिशनला कान लावून. थोरले मालक तुमच्या दारात उभे राहून म्हणाले, "अंबादास, तू माझा भाडेकरू, नोकर नव्हेस. चावी आपली शेजारधर्म म्हणून सांभाळ." काका गेले, मालकही गेले. ऐकणारा मी एकटा उरलो, आणि मीच उलट्या बाजूनं उभा राहिलो.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही, तो अधिकार मला नाही. निकाल तुझ्याविरुद्ध लागला, त्याला आज एकोणीस दिवस झाले. फेरविचाराच्या अर्जाला तीस मिळतात. मालकाचं वकीलपत्र मी सोडलंय. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, वर लिहिलेलं सगळं त्यात आहे. या टप्प्यावर नवा पुरावा सहसा घेत नाहीत. पण समोरचा वकीलच साक्षीदार निघाला, असं रोज घडत नाही. दहिसरच्या वकील संघमित्राबाईंना भेट, त्या कुणाला भीत नाहीत. माझी सनद कदाचित जाईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून बजावतो: माझी दया येऊन हे पाकीट कपाटात ठेवू नकोस. उद्याच जा.

तुझाच, पार्टिशनपलीकडचा
बाळा