ट्रॉयच्या दगडावरचं नाणं

वेसली, नेब्रास्का
९ ऑक्टोबर २०१८

लाडक्या जोलीन,

तुझ्या थोरल्या बहिणीकडून खूप प्रेम. देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. तुझं नाताळचं कार्ड दरवर्षी येतं, त्यात नुसतं नाव असतं. त्यावरून काही कळत नाही, पण अक्षर सरळ आहे एवढं बघून घेते आणि जपून ठेवते.

हे पत्र माझ्या सवयीने आधी रॉसच्या प्रचारपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं होतं. चार ओळी झाल्या, मग कागद उलटून पाहिला आणि बाजूला ठेवला. पाकिटातला चांगला कागद काढला. का, ते पुढे येईलच.

सोयाबीन घरात आलं, मका अजून ओला उभा आहे. अ‍ॅग्नेस मावशीचं खुब्याचं हाड बदललं. दवाखान्यातली पोरगी चालवायला आली तर तिला म्हणाली, "बाई, मी तुझ्या आजीला नाचायला शिकवलंय, मला पाय टाकायला शिकवू नकोस." आमची मार्था तेरा वर्षांची झाली. माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्यापेक्षा हट्टी. हसताना थेट तुझ्यासारखी दिसते. हे लिहू की नको असं झालं होतं, पण खरं आहे ते आहे.

रॉस लिंकनच्या विधानसभेसाठी उभा आहे हे तुझ्या कानावर आलं असेल. सहा वर्षं काउंटीच्या बोर्डावर काढली. रस्त्यावर खडी कमी पडली की लोक बरोबर आमच्या जेवणाच्या वेळी फोन करतात. तो घास खाली ठेवून ऐकून घेतो. पण दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला आणि नोव्हाकांची सून हायवेवर गाडीतच बाळंत झाली, तेव्हा म्हणाला, "बर्नी, हे इथे बसून सुटायचं नाही. तिथे जाऊन भांडावं लागेल." मी रोझरीची माळ जपून घेतली आणि हो म्हणाले. प्रचाराचा जमाखर्च मीच ठेवते. मॅट्रिक झालेल्या बाईला तेवढं जमतं.

तो फार थकलाय गं. दिवसभर दारोदार हिंडतो. संध्याकाळी बूट काढायला मागच्या पायरीवर बसतो, एक काढतो आणि तो हातात धरून तसाच बसून राहतो. मी सूप दोनदा गरम करते.

प्रचार सांभाळायला लिंकनहून ब्रेंट नावाचा मुलगा आलाय. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. पँट इतकी तंग की खुर्चीत बसताना त्याच्यापेक्षा मलाच धास्ती. मनाने वाईट नाही. माझे खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, चार-चार खातो. त्यानेच मला हे पत्र लिहायला सांगितलं. वीस तारखेला, शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये सकाळी पॅनकेकचा नाश्ता आहे, सगळ्या मतदारसंघातून लोक येणार आहेत. ट्रॉयच्या बायकोने, म्हणजे तू, स्टेजवर रॉसच्या शेजारी उभं राहावं अशी त्याची इच्छा आहे.

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"विचारायला काय हरकत आहे, मॅम?"

"तू तिला ओळखत नाहीस."

"म्हणून तर तुम्हाला विचारायला सांगतोय."

तर विचारलं. आता त्याचं काम झालं. यापुढचं त्याने सांगितलेलं नाही.

मे महिन्यात मेमोरियल डेला, युद्धात गेलेल्यांच्या दिवशी, रॉस नेहमीप्रमाणे ट्रॉयच्या कबरीवर गेला. तू गाव सोडल्यापासून एकही वर्ष त्याने चुकवलेलं नाही. दगडावर पंचवीस सेंटचं नाणं ठेवलं, टोपी काढून उभा राहिला. शेजारच्या काउंटीच्या वर्तमानपत्राचा एक पोरगा फोटो काढत होता. त्याने माजी सैनिकांच्या लिजनमधल्या म्हाताऱ्या एमिलला विचारलं, हे नाणं कशाला? एमिलने फौजेतल्या लोकांची रीत सांगितली. एक सेंट म्हणजे येऊन गेलो. पाच म्हणजे प्रशिक्षणात बरोबर होतो. दहा म्हणजे एका तुकडीत होतो. पंचवीस म्हणजे तू गेलास तेव्हा मी शेजारी होतो.

त्या पोराने तसंच छापलं. ब्रेंटने ते कात्रण पाहिलं, आणि आता प्रत्येक पत्रकावर ट्रॉयचा गणवेशातला फोटो आहे, खाली लिहिलंय की शेवटच्या श्वासापर्यंत रॉस व्होंद्रा आपल्या मित्राच्या शेजारी होता.

जोलीन, रॉस कुठे होता हे तुला माहीत आहे. तो माझ्या शेजारी होता. मी इथल्या दवाखान्यात होते, मार्था एक दिवसाची होती, आणि तो तिची नखं बघत बसला होता. तेव्हाच ते दोन अधिकारी तुझ्या दारात गाडी लावत होते. एप्रिलमध्ये युद्धावरून सुट्टीवर घरी यायची पाळी ट्रॉयची होती. त्याने ती रॉसला दिली. "तुझं पोर जन्माला येतंय, तू जा. माझी जोलीन जुलैतही तेवढीच देखणी असेल," असं म्हणाला. आणि रॉसचा ट्रक चालवायला तो बसला, त्यातच गेला.

तू स्वयंपाकघर पिवळं रंगवलं होतंस त्याच्यासाठी. मला आठवतं.

गावात पुष्कळांना आठवतं. त्या आठवड्यात रॉस इथेच होता, ट्रॉयच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता, लोकांनी पाहिलंय. पण कोणी बोलत नाही. फादर डॉमिनिकसुद्धा हवापाण्याचं बोलतात. आपला माणूस लिंकनला जायला हवा, दवाखाना उघडायला हवा, मग एका ओळीने काय बिघडतं, असं सगळ्यांचं चाललंय. बाहेरगावची माणसं दारात रॉसचा हात दोन्ही हातांत धरून रडतात. तो काही म्हणत नाही. म्हणून तर एवढा थकतो.

मी एकदा विचारलं, "तू ते नाणं का ठेवतोस? तू तर नव्हतास तिथे."

तो म्हणाला, "असायला हवा होतो."

"मग ब्रेंटला सांग तसं."

"सांगतो," म्हणाला. जून गेला, जुलै गेला.

मी पुन्हा बोलायला जाते आणि जीभ अडखळते. तो माझ्यासाठीच तर घरी आला होता. माझ्या तोंडून ते कसं निघणार? आणि मनातून मलाही वाटतं की त्याने निवडून यावं. हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही.

तू स्टेजवर येऊ नकोस. पण तुला माहीत असावं. दुसऱ्या कोणाच्या हातून ते पत्रक तुझ्यापर्यंत आलं असतं तर मी तुला तोंड दाखवू शकले नसते. तसं तेरा वर्षांत दाखवलं आहे कुठे म्हणा.

तुझी,
बर्नी


११ नोव्हेंबर २०१८

जोलीन,

आज रविवार, त्यात माजी सैनिकांचा दिवस. मिस्सा संपल्यावर फादरांनी सगळ्या माजी सैनिकांना उभं राहायला सांगितलं. रॉस सगळ्यांत शेवटी उभा राहिला आणि सगळ्यांत आधी बसला.

निकाल तुला कळला असेल. हरलो. फार मतांनी नाही, पण हरणं ते हरणंच. तो दोन दिवस झोपला. बुधवारी दुपारी मला वाटलं आजारी पडला, कपाळाला हात लावून पाहिला. नुसता झोपला होता, तोंड उघडं टाकून, लग्नाच्या वेळी झोपायचा तसा. काल खडीच्या ट्रकबरोबर गेला. काउंटीच्या बोर्डावर अजून दोन वर्षं आहेत.

त्या शनिवारचं तुला सांगायचंय. तुला अर्धं माहीत असावं असा मला संशय आहे.

नाश्त्याच्या आधी ब्रेंटने आम्हाला स्मशानात नेलं. फोटोवाला बोलावला होता. गवतावर हिमाचा पातळ थर होता, मार्था कुडकुडत होती. आम्ही ट्रॉयच्या दगडापाशी गेलो. मे महिन्यापासूनचं पंचवीस सेंटचं नाणं तिथे नव्हतं. त्या जागी दहा सेंटचं होतं. नवंकोरं, बरोबर मधोमध ठेवलेलं.

रॉस बघतच राहिला.

ब्रेंट म्हणाला, "अरेच्चा, कोणीतरी उचललं वाटतं. पोरंटोरं असतील. थांबा, माझ्याकडे आहे." त्याने खिशातून पंचवीस सेंटचं काढलं आणि वाकला.

रॉसने त्याचं मनगट धरलं. "राहू दे."

"अहो रॉस, फोटोत ते दहाचं दिसेल. लोकांना अर्थ कळतो."

"कळू दे. तोच बरोबर आहे."

"म्हणजे?"

रॉसने माझ्याकडे वळून विचारलं, "तू ठेवलंस?" मी नाही म्हटलं. स्मशान राखणारा जेरोम फाटकापाशी पानं ओढत होता. तो म्हणाला, काल तिन्हीसांजेला एक बाई आली होती, भाड्याची गाडी होती, बराच वेळ थांबली. मग मला म्हणाला, "तुमच्यासारखीच चालते, बर्नडेट."

हॉलमध्ये पॅनकेक वाढले होते, सॉसेजचा वास सुटला होता. रॉस माइकपाशी गेला तेव्हा ब्रेंटने लिहून दिलेला कागद त्याच्या हातात नव्हता. म्हणाला, "ट्रॉय मॅटस गेला तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हतो. मी इथे होतो, माझ्या बायकोपाशी, माझ्या मुलीपाशी. तो माझ्या ट्रकमध्ये होता. त्याने मला त्याची सुट्टी दिली होती. पत्रकात छापलंय ते खोटं आहे, आणि मी पाच महिने ते वाटत फिरलो."

एवढंच. मग नाश्ता करायला सांगून खाली उतरला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेरगावची दोन टेबलं उठून गेली. आपली माणसं ताटात बघत होती. एमिल मात्र काठी टेकत आला आणि रॉसच्या शेजारी बसला. "सिरप दे इकडे," म्हणाला. "आणि तोंड असं करू नकोस, माझं पॅनकेक गार होतंय."

ब्रेंट बाहेर गाडीपाशी उभा होता. मी त्याला कोलाचे बांधून दिले. म्हणाला, "मॅम, जिंकत होतो आपण." मी म्हटलं, "हो रे बाळा, जिंकत होतो." खरंच जिंकत होतो. दवाखाना अजून बंदच आहे. नोव्हाकांच्या सुनेला पुन्हा दिवस गेलेत, आणि मला रस्त्यात भेटली की मी मान खाली घालते. बरोबर केलं की हलकं वाटतं असं सांगतात. मला अजून तसं वाटलेलं नाही.

मार्थाने घरी येताना गाडीत विचारलं, "म्हणजे ट्रॉय काका माझ्यामुळे गेले?" रॉसने गाडी कडेला घेतली. म्हणाला, "नाही. तुझ्यामुळे मी घरी होतो. यात फरक आहे." तिला तो किती कळला, माहीत नाही. मलाही रोज थोडा थोडाच कळतो. तुझा पत्ता तिने माझ्याकडून मागून घेतलाय. काही आलं तर न उघडता टाकून देऊ नकोस.

त्या पत्रकांचे दोन खोके उरले होते. एका बाजूने कोरा, चांगला जाड कागद, दोन वर्षं पुरला असता. मी परसातल्या पिंपात घालून सगळा जाळला.

तू चार मैलांवर आलीस आणि घरी आली नाहीस. मी रागावलेले नाही. तुझ्या जागी मीही आले नसते कदाचित. पण जोलीन, तू ते नाणं नुसतं उचलून नेलं असतंस तरी चाललं असतं. रॉसला तेवढंच पुरलं असतं. तू त्याच्या जागी दुसरं ठेवलंस. तो ट्रॉयबरोबर एका तुकडीत होता, एवढं तू त्याच्याकडे राहू दिलंस. तो हे बोलत नाही, पण मी त्याला ओळखते.

मागचं दार पूर्वीसारखंच, कडी लागत नाही, जोर लावून ढकलावं लागतं.

तुझी वाट पाहणारी,
बर्नी