मुराळ्याचं लायसन

ती. अक्कास,

धाकट्या वनाचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो, नुसतं लिहिण्यापुरतं नाही. उठताना सूनबाईला हाक मारावी लागली.) तुझे गुडघे काय म्हणतात? एरंडाचं तेल लावतेस, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत बसतेस? भाऊजींचा खोकला उतरला का? इकडे आम्ही सगळे ठीक. केळीला घड बरे धरलेत, उन्हाने पानं फाटलीत पण खोड उभं आहे. तुझी भावजय यशोदा हिने सांजोऱ्यांचा रवा आत्तापासून चाळून डब्यात भरलाय, आणि लिंबाच्या झाडाला झोक्याचा दोरही बांधून झालाय. म्हणजे आखाजीच्या सणाची तयारी आमच्या बाजूने पुरी आहे. फक्त तू नाहीस.

फोनवरच बोललो असतो, पण गेल्या आठवड्यात माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तू तीन वेळा फोन ठेवलास. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझं म्हणणं मला पाठ झालंय. “वना, तू लेवाले उना तरच मी येसू, नही ते नही.” अक्का, तुझा राग मला कळतो. एक्केचाळीस वर्षं झाली, दर आखाजीला तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मी धुळ्याला तुझ्या दारात उभा राहिलो. आधी एसटीने, मग जीप घेतल्यापासून जीपने. दुष्काळात आलो, टायफॉइडमधून उठून आलो. एकदा अमळनेरच्या पुढे गाडीचा सायलेन्सर गळून पडला, तेव्हा सगळं धुळं जागं करत आलो, पण आलो. आणि यंदा मी तुला म्हणालो, की बसने ये. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर तो आपटला असता. पण अक्का, तुझ्या भावाला अडवलंय ते सरकारने. आता सगळं नीट ऐक आणि मग मला जे बोलायचं ते बोल.

माझ्या लायसनची मुदत गेल्याच्या गेल्या माघात संपली. नियम असा, की मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नवं करून घेतलं तर ठीक, नाहीतर पुन्हा शिकाऊ लायसन, पुन्हा परीक्षा, म्हणजे चौथी पास झालेल्याला परत बालवाडीत नेऊन बसवायचं. लोक म्हणतात, आता सगळं मोबाइलवर होतं. होत असेल. त्या यंत्राने माझा अंगठा मागितला. मी दिला. यंत्र म्हणालं, हा अंगठा तुमचा नाही. पन्नास वर्षं विळा धरून अंगठ्याच्या रेषा गेल्या त्याला मी काय करू? मग म्हणे, समक्ष या. समक्ष म्हणजे आरटीओचा कॅम्प, तो महिन्यातून एकदा रेस्ट हाऊसच्या मैदानात भरतो. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांचा दोष नाही, आणि हे पत्र भाऊजींच्या हातून कुठे कुठे फिरेल याचा भरवसा नाही.)

पौषातल्या कॅम्पला गेलो. मैदानात ऐंशी माणसं आणि एक कुत्रं. साहेब नाहीत. का, तर त्यांना निवडणुकीच्या कामाला धरून नेलं. पुढच्या कॅम्पला गेलो. साहेब नाहीत. का, तर हायवेवर ट्रक तपासायला कोणी नव्हतं म्हणून तिकडे नेलं. तेवढ्यात माझं वर्ष भरलं आणि मी, जीप घेतल्यापासून एकाही कोंबडीला धक्का न लावलेला माणूस, शिकाऊ झालो. जीपला पुढे-मागे लाल अक्षर चिकटवलं. शेजारी लायसनवाला माणूस बसवल्याशिवाय गाडी काढायची नाही. आणि घरात लायसनवालं माणूस कोण, तर आपली पुनम. जिला मी स्वतः केळीच्या बांधावर क्लच शिकवला, ती सून आता माझ्या शेजारी मास्तरीण म्हणून बसते आणि म्हणते, “आबा, वळताना हात दाखवा.” (दाखवतो. काय करणार?)

मी म्हटलं, असं का होतं हे मुळापासून पाहू. तुला माहीत आहे, मी शाळा चौथीत सोडली, पण वाचायचं सोडलं नाही. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी शेंगदाण्याआधी संपवतो. म्हणून सरळ मोठ्या ऑफिसात गेलो. तिथे अधिकाऱ्यांच्या नावांची पाटी आहे. बदली झाली की पेंटर येऊन नाव पुसतो, पण नवीन माणूस येतच नाही, त्यामुळे पाटीवर नुसत्या रंगाचे पोपडे उरलेत. निरीक्षकांच्या चौदा जागा, माणसं तीन. त्यातला एक आजारी, एक कोर्टात, उरला एक. तो तीन तालुके सांभाळतो. अगं, आपण आपल्या दोन म्हशींना दोन दावी ठेवतो! मी माहितीचा अर्ज टाकला, की बाकीचे अकरा कधी भरणार. महिन्याने उत्तर आलं, की माहिती देण्याचं पदच सध्या भरलेलं नसल्यामुळे माहिती देता येत नाही.

बरं, पैसा नाही म्हणावं तर तेही नाही. गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधी सरकार तिचा पंधरा वर्षांचा टॅक्स एकदम घेऊन मोकळं होतं. आपले कापसाचे व्यापारी प्रेमराज शेठ, त्यांनी गाडीला मनाजोगता नंबर मिळावा म्हणून जेवढे भरले तेवढ्यात आमच्या गावची शाळा कौलांची स्लॅबची झाली असती. आणि त्याच ऑफिसात प्रिंटरला कागद नाही! खिडकीतली बाई हळूच सांगते, “आबा, येताना दोन कोरे कागद जास्तीचे आणा.” ती बिचारी बारा वर्षं कंत्राटी आहे. ऑफिसच्या मागे परीक्षेसाठी नवा ट्रॅक बांधलाय, खांबाखांबावर कॅमेरे, गाडी रेषेवर गेली की यंत्रच नापास करतं म्हणे. फीत कापली, पेढे वाटले. पण यंत्र चालू करणारा माणूस मंजूरच नाही. आता तिथे बकऱ्या चरतात. आणि आठच्या आकड्यावरून इतक्या सुरेख वळतात, की मला त्यांचा हेवा वाटला. आवारात ऑफिसची स्वतःची जीप विटांवर उभी आहे. तिची पासिंगची तारीख मी वाकून वाचली. माझ्या लायसनच्या आधी संपलेली! मला दंड करणारी गाडी स्वतः विटांवर, आणि मी शिकाऊ. सांग, रक्त उकळेल की नाही?

आता फाल्गुनातला कॅम्प. तीस दिवस शिकाऊ राहून माझी पक्की परीक्षा त्या दिवशी होती. साठ-सत्तर जण सकाळी आठपासून हजर. साहेब साडेअकराला आले, आणि कसे आले ऐक. ऑफिसच्या गाडीला डिझेल नाही, म्हणून एसटीने. स्टँडवरून रिक्षा मिळेना, म्हणून आमच्यातलीच एक, अंगणवाडीची कुंदाबाई, जी स्वतः परीक्षा द्यायला आली होती, ती आपल्या स्कुटीवर त्यांना आणायला गेली. साहेब मागे बसले, फायलींचं गाठोडं दोघांच्या मध्ये. कुंदाबाईने बाजाराच्या गर्दीतून, उसाच्या ट्रॅक्टरला वळसा घालून त्यांना मैदानात आणून उतरवलं. साहेबांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, “बाई, तुमची परीक्षा झाली. पास.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मनात म्हटलं, हे पोरगं कामाचं आहे. तिशीचं असेल, चेहरा असा, जसा काही आठ दिवस भट्टीवर उभा होता.

त्याने कोणी मदतनीस नसताना एकट्याने कागद तपासले, फोटो काढले, गाड्या पाहिल्या. दीडपर्यंत बावीस माणसं झाली. मग जेवायची सुट्टी घेतली. आणि अक्का, सुट्टीनंतर मैदानातल्या लिंबाखाली त्याला अशी डुलकी लागली, की चार वाजले तरी उठला नाही. कोणी हलवलंही नाही, कारण हलवायला जीव होईना. साडेचारला उठला, घड्याळ पाहिलं, आणि पाचच्या एसटीने दुसऱ्या तालुक्याला जायचं म्हणून धावत सुटला. कुंदाबाईनेच पोचवला. उरलेल्यांची परीक्षा राहिली, माझीही राहिली. चैत्रातला कॅम्प रद्द, आता पुढचा आखाजीनंतर. याला जबाबदार कोण? त्या पोराला मी शब्दाने बोलणार नाही. एका माणसाच्या गळ्यात तीन तालुके बांधणारं जे कोणी मुंबईत बसलंय त्याला माझा सवाल आहे. मी तसं पत्र मंत्र्यांना लिहायला घेतलं होतं, पण आधी तुझी समजूत घालणं जास्त अवघड, म्हणून हे आधी.

तेव्हा राग सोड. समजून घे. बसचं तिकीट अर्धं लागतं, शिवाय खिडकीची जागा मिळते.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना गालाचा मुका, आणि तुझ्या पायांवर पुन्हा एकदा डोकं (या वेळी बसूनच).

तुझाच,
वना

ता. क. १ : वर डुलकीचं लिहिलं ते खरं, पण तुझ्याशी अर्धवट बोलायची सवय नाही. साहेबांना जेवायला मीच बसवलं होतं. पोराने सकाळपासून पाणी सोडून काही घेतलं नव्हतं, ते बघवलं नाही. घरून शेवटच्या हिरव्या वांग्यांचं भरीत नेलं होतं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, आणि कळण्याच्या भाकरी. तो म्हणाला, “आबा, नको, माझी चौकशी लागेल.” मी म्हटलं, “लागू दे, आम्ही बठ्ठा गाव साक्षीला येऊ.” तो दोन भाकरींवर थांबत होता. चौथी मीच वाढली. वरून ताकही. तुला माहीत आहे, आपल्या भरितानंतर माणूस उभा राहात नाही, आणि हे मलाही माहीत असायला हवं होतं. उरलेली चाळीस-पंचेचाळीस माणसं आता मी रस्त्यात दिसलो की, “आबा, आज काय भाजलंय?” असं विचारतात. कुंदाबाई तर दोन्ही हातांनी नमस्कार करते.

ता. क. २ : हा भाग भाऊजींना वाचून दाखवू नकोस. मुदत संपल्यावर पहिले दहा महिने कॅम्प व्यवस्थित भरले होते. तेव्हा कोणी निवडणुकीला गेलं नव्हतं. मीच गेलो नाही. डॉक्टर डोळे तपासतात म्हणून. उजव्या डोळ्याने मला गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं. शिकाऊ लायसनच्या वेळी साठ माणसांना एकच डॉक्टर होता, तो भिंतीवरचा तक्ता सगळ्यांकडून वाचून घेत होता. माझ्यापुढचे चौघे वाचत होते ते मी ऐकलं, आणि माझी पाळी आली तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाला, “आबा, गरुडाची नजर आहे.” तिथे आणखी एक डॉक्टर असता, थोडा वेळ असता, तर मी तिथल्या तिथे सापडलो असतो. अकरा जागा रिकाम्या आहेत म्हणून मी एवढा ओरडतोय, आणि मी सुटलो तो त्याच रिकामेपणातून. फाल्गुनातल्या कॅम्पपासून मी स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात कंबर धरली म्हणून सांगतो. यशोदाला ठाऊक नाही. पुनमला कळलंय बहुतेक, कारण ती काही विचारत नाही.

ता. क. ३ : तेव्हा असं कर. आखाजीच्या तीन दिवस आधी, दहाच्या सुमारास, आम्ही तुझ्या दारात येतो. गाडी पुनम चालवेल, मुराळी मीच, शेजारच्या सीटवर. बसचं मी बोललो ते विसर. मात्र माहेरपण झाल्यावर तुला पोचवायला येईन तेव्हा माझी पिशवीही गाडीत असेल. धुळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं होतं म्हणतात. मला आठ दिवस तुझ्याकडे ठेवून घेशील का? एकट्याने जायची भीती वाटते, अक्का.